करारात न मावणाऱ्या गोष्टी: कंपन्या मुळात असतातच कशासाठी?

ऑफिसात साहेब टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "ते राहू द्या, आधी हे घ्या." आपण हातातलं काम बाजूला सारतो आणि नवं पुढे ओढतो. या नव्या कामाचा दर काय, असं कोणी विचारत नाही. साहेबही शेजारच्या टेबलावर जाऊन "तुम्ही किती घ्याल?" अशी चौकशी करत नाहीत. सांगितलं, केलं, संपलं.

हेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं असतं तर आधी दोन-तीन कोटेशनं, मग घासाघीस, मग काय द्यायचं आणि कधी द्यायचं याचा कागद. अर्ध्यात काम बदललं तर पुन्हा पहिल्यापासून बोलणी. मी काही वर्षं पगारावर काढली आहेत आणि काही वर्षं सुट्या कामांवर, त्यामुळे हा फरक अंगवळणी पडलेला आहे. सुट्या कामांच्या दिवसांत जितका वेळ कामात जायचा, जवळपास तितकाच कामाविषयी बोलण्यात जायचा. या रोजच्या अनुभवामागे अर्थशास्त्रातला एक मोठा प्रश्न उभा आहे: कंपनी नावाची गोष्ट मुळात असतेच कशासाठी?

अर्थशास्त्राची पहिली शिकवण अशी की बाजारात कोणी मालक नसतो, तरीही सगळं जुळून येतं. एखाद्या वस्तूची टंचाई झाली की भाव चढतो, भाव चढला की ती बनवणारे वाढतात आणि वापरणारे हात आखडतात. लाखो अनोळखी माणसांचा मेळ भाव नावाचा एक आकडा घालून देतो. हे खरं असेल, तर कंपनी हे कोडंच ठरतं. कंपनीच्या भिंतींच्या आत भाव नसतात, हुकूम असतात. बाजार इतका हुशार असेल तर माणसं सकाळी उठून साहेबाच्या हाताखाली का जातात? प्रत्येकाने स्वतःचं काम रोजच्या भावाने विकावं की!

हा प्रश्न नेमका हेरणारा मुलगा तेव्हा २१ वर्षांचा होता. रोनाल्ड कोस, जन्म १९१०, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विद्यार्थी. त्याचे शिक्षक अर्नोल्ड प्लांट वर्गात सांगत की अर्थव्यवस्थेला कोणी चालवावं लागत नाही, भाव ती चालवतात. तिकडे रशियात सगळा देश एका अवाढव्य कारखान्यासारखा चालवण्याचा प्रयोग सुरू होता, आणि पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञ हे अशक्य आहे म्हणत होते. कोसच्या मनात आलं की आपल्याकडेही कारखाने आहेतच, आणि त्यातले काही प्रचंड आहेत. त्यांच्या आत तर सगळं ठरवूनच चालतं! मग नियोजन अशक्य कसं?

१९३१ साली शिष्यवृत्ती घेऊन तो वर्षभरासाठी अमेरिकेला गेला. फोर्ड, जनरल मोटर्स अशा ठिकाणी जाऊन तो अधिकाऱ्यांना विचारत राहिला: हा भाग तुम्ही स्वतः बनवता आणि तो बाहेरून घेता, ते कशावरून ठरवता? परतल्यावर १९३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे शिकवताना त्याने आपलं उत्तर विद्यार्थ्यांपुढे मांडलं. निबंध छापून यायला १९३७ साल उजाडलं, आणि ज्या कामांसाठी कोसना १९९१ साली नोबेल मिळालं त्यांत हाही निबंध होता. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. विशीत केलेल्या कामाचं ऐंशीत कौतुक व्हावं हे विचित्रच वाटतं, असं ते नोबेलच्या भाषणात म्हणाले.

उत्तर एका वाक्यात मावतं: बाजार वापरणं फुकट नसतं. योग्य माणूस शोधायला वेळ लागतो, त्याचा भाव खरा की खोटा हे कळायला लागतो, बोलणी करायला लागतो, कागद करायला लागतो, आणि त्या कागदाप्रमाणे काम झालं का हे बघायलाही लागतो. या सगळ्याला आज व्यवहारखर्च म्हणतात. हा खर्च फार व्हायला लागला की शंभर छोटे करार करण्याऐवजी माणसं एकच सैलसर करार करतात: ठरलेल्या मर्यादेत तुम्ही सांगाल ते मी करीन, तुम्ही मला पगार द्या. हीच नोकरी, आणि अशा करारांचा गठ्ठा म्हणजे कंपनी. कोसने लिहिलं की कामगार एका विभागातून दुसऱ्या विभागात जातो तो भाव बदलले म्हणून जात नाही, त्याला जायला सांगितलं म्हणून जातो.

याच निबंधात डेनिस रॉबर्टसन या अर्थशास्त्रज्ञाची एक उपमा आली आहे. कंपन्या म्हणजे नकळत चाललेल्या सहकार्याच्या महासागरात जाणीवपूर्वक सत्ता चालवणारी बेटं, ताकाच्या भांड्यात लोण्याचे गोळे धरावेत तशी. मला ही उपमा फार आवडते, कारण तिच्यात दुसरा प्रश्नही दडलेला आहे. लोणी धरायला लागलंच आहे, तर सगळ्याचा मिळून एकच गोळा का होत नाही? म्हणजे जगात एकच महाकंपनी का नाही? कोसचं उत्तर असं की आत घेतलेल्या प्रत्येक नव्या कामाबरोबर सांभाळण्याचा खर्चही वाढतो. वरच्याचं लक्ष सगळीकडे पुरत नाही, चुका वाढतात. एखादं काम बाहेरून करून घेण्याचा त्रास आणि आत करून घेण्याचा त्रास जिथे सारखा होतो, तिथे कंपनीची सीमा पडते.

विचार सुंदर होता, पण तसाच पडून राहिला. माझ्या निबंधाचा उल्लेख पुष्कळ होतो आणि वापर फार थोडा, असं कोसनी स्वतः १९७२ मध्ये लिहिलं. अडचण खरी होती. जे काम आत झालं त्याचा व्यवहारखर्च जास्त असणार आणि जे बाहेर गेलं त्याचा कमी, एवढंच म्हणत राहिलं तर कुठलीही गोष्ट मागाहून समजावता येते. कुठल्या कामाचा खर्च जास्त आणि का, हे आधी सांगता यायला हवं.

त्याच १९७२ साली आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी वेगळ्याच बाजूने हात घातला. मुळात हुकूम वगैरे काही नसतोच, असं त्यांचं म्हणणं. मालक नोकराला काढू शकतो, तसा ग्राहकही किराणा दुकानदाराला 'काढू' शकतो, उद्यापासून त्याच्याकडे जाणं बंद करून. मग कंपनी कशासाठी? तर दोन माणसं मिळून एक जड पेटी ट्रकवर चढवतात तेव्हा कोणी किती जोर लावला हे पेटीकडे बघून कळत नाही. प्रत्येकाला थोडं अंग चोरावंसं वाटतं. म्हणून एक जण उचलणं सोडून देखरेख करायला लागतो. पण देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणी करायची? यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की सगळ्यांचं देणं भागवून जे उरेल ते त्यालाच द्यावं, म्हणजे तो आपोआप डोळ्यांत तेल घालून बसेल. आपण ज्याला मालक म्हणतो तो हाच. स्टीव्हन चंग यांनी याला जोडून चीनमधल्या नावा ओढणाऱ्या मजुरांचं उदाहरण दिलं. काठावरून दोर ओढत जाणाऱ्या त्या माणसांनी, कोणी ढिलाई करू नये म्हणून, आपल्याच पाठीवर फटके मारायला एक माणूस संमतीने नेमलेला असे.

कल्पना चतुर आहे, पण मला ती अपुरी वाटते. बहुतेक कंपन्यांत काम कोणी किती केलं हे बऱ्यापैकी कळतं, तरीही त्या कंपन्या आहेतच. खरी गाठ दुसरीकडे आहे, आणि ती सोडवली ऑलिव्हर विल्यमसन यांनी. त्यासाठी एक काल्पनिक व्यवहार जवळून बघू.

एक औषध कंपनी नवं औषध आणते आहे. त्याची बाटली वेगळ्या आकाराची हवी. काचकारखाना म्हणतो, करू, पण त्यासाठी खास साचा पाडावा लागेल. साच्याचा खर्च १०० धरा. बाटल्या ओतायचा खर्च ६०. सगळ्या मालाची किंमत १८० ठरते. कारखान्याला २० सुटतात, औषध कंपनीला हवी तशी बाटली मिळते. सह्या होतात.

सहीच्या आदल्या दिवशी औषध कंपनीला दहा काचकारखाने दारात उभे होते आणि कारखान्यालाही दहा गिऱ्हाइकं होती. आता साचा पाडून झाला. या साच्यातून दुसऱ्या कोणाची बाटली निघत नाही. मोडीत घातला तर फार तर ५ येतील. अशा वेळी खरेदी अधिकारी फोन करून म्हणतो, "आमचं बजेट कापलं गेलंय. ११० देतो, बघा जमतं का." कारखानदार हिशेब मांडतो. साच्यात घातलेले १०० तर गेलेच, ते आता कुठल्याही उत्तराने परत येत नाहीत. नाही म्हटलं तर हातात ५. हो म्हटलं तर ११० मधून ओतायचे ६० वजा जाऊन ५०. सगळा व्यवहार मिळून त्याला ५० चा तोटा आहे, तरीही हो म्हणणंच शहाणपणाचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्याकडे आहे. विल्यमसन यांचा अर्धा सिद्धांत तिच्यात आला.

डाव उलटाही पडतो. औषध बाजारात आणायची तारीख जाहीर झाली, खोके छापून झाले, आणि आता कारखानदार म्हणतो, "भट्टीचा खर्च वाढलाय, २५० पडतील." नवा साचा दुसरीकडे पाडून घ्यायला वेळ नाही. आता हरी कोण ते बदललं.

करार कशासाठी असतो मग, असं कोणीही विचारेल. करार असतोच, पण त्यात सगळं येत नाही. बजेट खरंच कापलं गेलं का, भट्टीचा खर्च खरंच वाढला का, बाटलीच्या तळाशी आलेला बारीक बुडबुडा दोष धरायचा की चालवून घ्यायचा, हे प्रत्येक वळण आधी लिहून ठेवणं कोणाच्या बुद्धीला झेपणारं नाही. माणसाच्या बुद्धीची ही मर्यादा हर्बर्ट सायमन यांनी आधीच ठळक करून दाखवली होती. तिच्या जोडीला विल्यमसन यांनी संधिसाधूपणा धरला. सगळेच लबाड असतात असं ते म्हणत नाहीत. काही असतात आणि ते आधी ओळखू येत नाहीत, एवढं पुरतं. तिसरी गोष्ट साचा: ज्या गुंतवणुकीला या एका नात्याबाहेर फारशी किंमत नाही, ती. तिन्ही एकत्र आल्या की अडवणुकीची भीती तयार होते. सगळ्यांत मोठं नुकसान अडवणुकीच्या भीतीने होतं. कारखानदार आधीच शहाणा असेल तर तो साचा पाडणारच नाही, किंवा चार ठिकाणी चालेल असा ओबडधोबड पाडेल. दोघांच्याही फायद्याचा व्यवहार जन्मालाच येणार नाही.

यावर एक उपाय असा की औषध कंपनीने काचकारखानाच विकत घ्यावा. मग खरेदी अधिकारी आणि भट्टीवाला एकाच साहेबाच्या हाताखाली येतात आणि भांडण वरच्या मजल्यावर मिटतं. याला उभं एकत्रीकरण म्हणतात. या कामासाठी विल्यमसन यांना २००९ चं नोबेल मिळालं, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यासोबत विभागून. इथे आधी सांगता येण्याजोगं काहीतरी हाती लागलं: गुंतवणूक जितकी त्या एकाच नात्यासाठी बांधलेली, तितका व्यवहार आत ओढला जाण्याचा किंवा लांब मुदतीच्या कराराने जखडला जाण्याचा संभव जास्त. अर्थशास्त्रज्ञ पॉल जॉस्को यांनी अमेरिकेतली वीजकेंद्रं आणि कोळसा खाणी यांचे करार तपासले. खाणीच्या तोंडाशीच उभारलेल्या वीजकेंद्राला दुसरीकडून कोळसा आणणं परवडत नाही आणि त्या खाणीलाही शेजारी दुसरं गिऱ्हाईक नसतं. अशा जोड्यांमध्ये एक तर मालक एकच असतो, नाहीतर करार फार लांब मुदतीचे असतात. सिद्धांताने म्हटलं तेच.

अख्खा कारखाना विकत घ्यायची गरज दरवेळी नसतेही. मोटार उद्योगात पुष्कळदा साचे आणि डाय गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असतात आणि पुरवठादाराच्या शेडमध्ये, त्याच्या यंत्रांवर बसवलेले असतात. भांडण झालं तर कंपनी आपला साचा उचलून दुसरीकडे नेऊ शकते. सीमा किती बारीक कातरता येते बघा: भिंती त्याच्या, यंत्र त्याचं, माणसं त्याची, आणि साचा मात्र आमचा.

मालकी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न इथेच येऊन धडकतो. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि ऑलिव्हर हार्ट यांनी १९८६ मध्ये याचं उत्तर दिलं. हार्ट यांना पुढे २०१६ चं नोबेल मिळालं. त्यांच्या मते करारात जे लिहिलेलं नाही, ते ठरवायचा हक्क म्हणजे मालकी. भट्टी रविवारी चालवायची का, हे कागदावर नसेल तर भट्टी ज्याची त्याचा शब्द शेवटचा. साधी व्याख्या आहे, पण तिने चित्र बदललं. विल्यमसन यांच्या मांडणीत एकत्र आलं की भांडण शमतं, एवढंच ठळक दिसत होतं. हार्ट म्हणाले, एकाला मालकी दिलीत म्हणजे दुसऱ्याची काढून घेतलीत. काचकारखान्याचा मालक आता पगारी व्यवस्थापक झाला. भट्टीत त्याने नवी युक्ती काढली तर तिचं फळ कोणाला मिळणार? ते ठरवणारा वरचा साहेब. मग तो रात्री जागून युक्त्या शोधेल का? म्हणून मालकी त्याच्याकडे असावी, ज्याच्या लिहून न घेता येणाऱ्या मेहनतीवर जास्त अवलंबून आहे.

एकच महाकंपनी का नाही, या जुन्या प्रश्नालाही इथून धारदार उत्तर मिळतं. विल्यमसन यांनी तो असा विचारला होता: दोन कंपन्या एकत्र करा, दोन्ही पूर्वीसारख्या चालू द्या, आणि वरच्याने फक्त फायदा असेल तिथेच हात घालावा. मग एकत्र येण्यात तोटा कधी होईलच कसा? होतो, कारण वरच्याच्या या वचनावर कोणाचा विश्वास बसत नाही. हात घालता येतो म्हटल्यावर घातला जातो. खर्च या विभागाच्या माथी की त्या, हे वरचा ठरवतो, आणि तो ठरवतो म्हटल्यावर त्याचं मन वळवण्यात माणसांचे दिवस जातात. बाजारात गिऱ्हाइकाला खूश करायचं असतं, आत साहेबाला. पॉल मिलग्रोम आणि जॉन रॉबर्ट्स यांनी या मन वळवण्याच्या खर्चावर खास काम केलं आहे. मोठ्या संस्थेत काम केलेल्या कोणालाही हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

सीमा चुकीच्या जागी पडली तर काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण बोइंगच्या ७८७ विमानाचं. विमानाचे मोठमोठे भाग बनवण्याचंच नव्हे, तर त्यांच्या आरेखनाचंही बरंचसं काम बाहेरच्या पुरवठादारांकडे दिलं गेलं. भाग अर्धवट अवस्थेत यायला लागले, जुळेनात, एकाच्या उशिरामुळे सगळेच अडकले. अखेर २००९ मध्ये बोइंगने साउथ कॅरोलायनातला, मागच्या धडाचे भाग बनवणारा पुरवठादाराचा कारखानाच विकत घेतला. पहिलं विमान ग्राहकाच्या ताब्यात गेलं ते सप्टेंबर २०११ मध्ये, ठरल्यापेक्षा तीन वर्षांहून जास्त उशिराने. इथे लबाडीपेक्षा न लिहिता आलेल्या तपशिलांचा भार मोठा होता. पूर्वी कधी न बनलेल्या वस्तूचे भाग एकमेकांत कसे बसतील, हे करारात लिहिणार तरी कसं?

आता या सगळ्या सिद्धांताचं लाडकं उदाहरण, जे मी मुद्दाम मागे ठेवलं. फिशर बॉडी ही कंपनी मोटारींच्या बॉडी बनवायची आणि तिने १९१९ मध्ये जनरल मोटर्सशी १० वर्षांचा करार केला. किंमत ठरली खर्च अधिक १७.६ टक्के. बेंजामिन क्लाइन, रॉबर्ट क्रॉफर्ड आणि अल्चियन यांनी १९७८ मध्ये मांडलेली कथा अशी: उघड्या गाड्यांऐवजी छप्पर आणि काचा असलेल्या बंदिस्त गाड्यांची मागणी भराभर वाढली, आणि खर्चावर टक्केवारी मिळत असल्याने खर्च कमी करण्यात फिशरला रस उरला नाही. जनरल मोटर्सच्या कारखान्यांजवळ आपले कारखाने हलवायलाही ती तयार होईना. शेवटी कंटाळून जनरल मोटर्सने १९२६ मध्ये ती पूर्ण विकत घेतली. अडवणुकीचा याहून चांगला दाखला कुठला? पुढची वीस वर्षं तो वर्गावर्गातून शिकवला गेला.

कोसना तो कधीच पटला नव्हता. १९३२ च्या सुमारासच अडवणुकीची शक्यता आपण तपासली होती आणि सोडून दिली होती, असं ते सांगत. पुढच्या ऑर्डरची आशा असलेला माणूस आजच्या गिऱ्हाइकाला सहसा नाडत नाही, हे त्यांचं कारण. २००० साली, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून फिशर बॉडीवर लेख लिहिला. फिशरचे ६० टक्के समभाग जनरल मोटर्सकडे १९१९ पासूनच होते. फिशर बंधू जनरल मोटर्सच्या व्यवस्थापनात बसत होते. नवे कारखाने जनरल मोटर्सच्या कारखान्यांजवळच उभे राहत होते. त्याच वर्षी इतर काही अभ्यासकही स्वतंत्रपणे साधारण याच निष्कर्षावर आले. क्लाइन यांनी आपली बाजू सोडली नाही, आणि वाद पुढेही चालत राहिला.

अडवणुकीचा धोका खोटा आहे असं मला यावरून वाटत नाही. खाणीच्या तोंडाशी उभी असलेली वीजकेंद्रं पुरेशी बोलकी आहेत. पण त्या धोक्यावर नाव आणि पुढच्या ऑर्डरीची आशा हेही इलाज आहेत, आणि विकत घेणं हा त्यातला एकच, तोही महागडा. कोस यासाठी ए. ओ. स्मिथ या कंपनीचं उदाहरण द्यायचे. तरुणपणीच्या त्या अमेरिकावारीत ते तिथेही गेले होते. मिलवॉकीतला हा कारखाना जनरल मोटर्सला गाड्यांच्या फ्रेम पुरवायचा. फ्रेम बनवणारी अवजड यंत्रं नेमक्या त्याच कामासाठी उभारलेली होती, दुसऱ्या कामाची नव्हती, आणि गिऱ्हाईक दूरवर. सिद्धांताप्रमाणे अडवणुकीला सगळी सामग्री तयार होती. फ्रेम मात्र दशकानुदशकं जात राहिल्या, आणि जनरल मोटर्सने तो कारखाना कधीच विकत घेतला नाही.